कोटितीर्थाकाठचे आबालाल

कोल्हापुरात आबालाल रहिमान यांचे नाव निघाले की ऐकणारा प्रथम विचारतो तो कोटितीर्थात बुडविलेल्या चित्रांविषयी. त्या कथेचा मोह आम्हांसही आहे, पण ती मागाहून सांगू. एवढ्या चित्रांचा ढीग एका माणसाच्या हातून साठला तरी कसा, हा प्रश्न आधीचा आहे आणि आमच्या मते अधिक मोलाचा आहे.

आबालालांचे मूळ नाव अब्दुल अझीझ. जन्म १८६० च्या सुमाराचा. कुराणाच्या सुशोभित हस्तलिखित प्रती करण्याचा वारसा घराण्यात चालत आलेला होता. वेलबुट्टी, सोनेरी किनारी आणि अक्षराचा डौल हे सारे मुलाने बोट धरण्याच्या वयात पाहिले. अरबी, फार्सी आणि संस्कृत या भाषांशीही त्यांचा परिचय झाला. ज्या हाताला एक ओळ बिघडली तर अख्खे पान पुन्हा लिहावे लागते, त्या हाताला रोजच्या बैठकीची सवय वेगळी शिकवावी लागत नाही. कोल्हापुरातील एका इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्नीच्या दृष्टीस त्यांची चित्रे पडली व तिच्या खटपटीने ते मुंबईस गेले, असे सांगतात.

१८८० नंतरच्या दशकात ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत होते. जॉन ग्रिफिथ्स त्या वेळी तेथे मुख्य होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेण्याचे प्रचंड काम त्यांच्याच देखरेखीखाली झाले. शाळेची शिस्त कडक. आधी प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन, मग समोर बसविलेल्या जिवंत माणसावरून. आबालालांची विद्यार्थिदशेतील मस्तकांची रेखाटने त्या संस्थेने जपून ठेवली. व्यक्तिचित्राची सारी विद्या या मुलाला त्या वयातच साधली होती. कपाळावरचा उजेड गालावर येता येता कसा मावळतो, हे कागदावर उतरविताना हात कोठे अडखळत नाही.

असा विद्यार्थी मुंबईत राहता तर साहेबलोकांची, शेठसावकारांची चित्रे काढून सुखाने जगला असता. कोल्हापूरचेच महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० साली त्याच शाळेत दाखल झाले आणि तिथेच नावारूपास आले. आबालाल मात्र घरच्या अडचणींमुळे परतले, आणि परतले ते कायमचे. कोटितीर्थाच्या काठी त्यांनी जवळजवळ फकिरासारखे दिवस काढले. याला कोणी वैराग्य म्हणतात. आम्हांला त्यात वैराग्यापेक्षा सोय अधिक दिसते: समोर पाणी, पाण्यात आभाळ, आणि दार उघडले की काम सुरू!

त्यांचा नेम साधा होता. उठावे, बाहेर पडावे आणि दिसेल ते रंगवावे. रंकाळा, संध्यामठ, पंचगंगेचा काठ आणि पुन्हा कोटितीर्थ. तीच झाडे, तेच दगड. बदलत होता तो प्रहर, आणि चित्राचा खरा विषयही तोच होता. जलरंग, अपारदर्शक रंग, खडू, जे हाती येईल ते त्यांना चाले. कागदही मिळेल तो. रंग ते स्वतः तयार करीत, असेही जुनी माणसे सांगत.

फ्रान्समध्ये १८७४ साली काही चित्रकारांनी उजेडालाच चित्राचा विषय केला आणि तिथे मोठा गहजब झाला. क्लोद मोने यांनी तर पुढे आपल्या बागेतल्या एका तळ्यावर आयुष्याची कित्येक वर्षे घालविली. ती चित्रे आबालालांना पाहावयास मिळाल्याचा पुरावा नाही. तरीही त्यांच्या उत्तरकाळच्या निसर्गचित्रांत झाड झाडपण सोडून हिरव्या-जांभळ्या ठिपक्यांत विरघळते, काठ कोठे संपला आणि पाणी कोठे सुरू झाले हे सांगता येत नाही. अमूर्त हा शब्द चित्रकलेत मराठीने पुष्कळ नंतर रुळविला. आबालाल त्या वाटेने गेले असे म्हणणे धाडसाचे होईल. पण मस्तकाचे हाडन् हाड जाणणाऱ्या माणसाने रेघ सोडून दिली, ती येत नव्हती म्हणून खास नव्हे.

शाहू महाराजांनी या माणसाला ओळखले, हे कोल्हापूरचे भाग्य. महाराज १८९४ साली गादीवर आले. पैलवान, गवई, नट यांच्याप्रमाणे चित्रकारालाही त्यांच्याकडे जागा होती. आबालाल दरबारचे चित्रकार झाले. महाराजांना शिकारीचा भारी नाद, तेव्हा शिकारीची चित्रे काढणेही ओघाने आलेच. एरवी या कलावंताला महाराजांनी त्याच्या तळ्याकाठी सुखाने राहू दिले, आणि आश्रयदात्याला हे सहसा साधत नाही.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे देहावसान झाले. त्या दुःखात आबालालांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, अशी कथा आहे. कोणी संख्या हजारांत सांगतात. मोजणारा काठावर उभा नव्हता, म्हणून आकड्याच्या वादात आम्ही शिरत नाही. मोने यांनीही १९०८ साली प्रदर्शन तोंडावर आलेले असता आपली पंधराएक चित्रे नष्ट केली होती. पण ती मनासारखी उतरली नाहीत म्हणून. आबालालांचा राग चित्रांवर नव्हता. पाहणारा गेला, आता दाखवावयाचे कोणाला, एवढाच त्याचा अर्थ असावा. मात्र ही कथा रंगवून सांगताना आपण एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतो. महाराजांमागे ते आणखी नऊ वर्षे जगले, आणि त्या काळात या नगरीने त्यांची फारशी विचारपूस केली नाही. २८ डिसेंबर १९३१ रोजी त्यांचे निधन झाले.

जी चित्रे उरली त्यांतील काही कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आली. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेल्या वस्तूंसाठी हे संग्रहालय १९४५-४६ च्या सुमारास सुरू झाले. आम्ही मूळचे गुंजीचे. खानापूर-लोंढ्याच्या त्या मुलखात पावसाळ्यात चार महिने उजेड ओला असतो आणि रान जवळचे असूनही धूसर दिसते. बेळगाव, निपाणी करीत प्रथम कोल्हापुरास आलो, तेव्हा आबालालांच्या एका लहानशा चित्रापुढे पाय थबकले ते कलेच्या ज्ञानामुळे नव्हे. तो ओला उजेड ओळखीचा वाटला म्हणून. चित्र वीतभर असेल. शेजारून शाळेच्या मुलांची रांग तलवारी पाहावयास धावत गेली.

बाबूराव पेंटर वयाने त्यांच्याहून तीस वर्षांनी लहान. १९२० साली सैरंध्री हा चित्रपट काढून ते नावाजले, तरी मूळचा हात कुंचल्याचाच, आणि आबालालांविषयी त्यांच्या मनात अपार आदर होता. जागेवर बसून, ऊन अंगावर घेऊन चित्र काढण्याची जी रीत कोल्हापूरच्या चित्रकारांनी पिढ्यान्‌पिढ्या चालविली, तिचा उगम त्या तळ्याकाठच्या बैठकीत आहे. रविवारी सकाळी रंकाळ्यावर गेलात तर गुडघ्यावर फळी घेतलेली दोन-चार मुले संध्यामठाकडे तोंड करून बसलेली दिसतात.