झेली मार्टिन : एका कष्टकरी मातेचे प्रार्थनामय घर

बाळ येशूच्या संत तेरेजेची तसबीर आपल्या अनेक घरांत भक्तिभावाने लावलेली असते. तिच्या मातेविषयी मात्र आम्ही धर्मगुरूंनी प्रवचनांतून फारसे सांगितलेले नाही. ती उणीव थोडीफार भरून निघावी म्हणून हा लेखनप्रपंच.

झेली ग्वेरँ यांचा जन्म २३ डिसेंबर १८३१ रोजी फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतात झाला. घर श्रद्धाळू होते. परंतु तेथे धर्म वावरत असे तो कडक शिस्तीच्या रूपाने. आईचा स्वभाव कठोर होता. लहानग्या झेलीला खेळायला बाहुलीसुद्धा मिळाली नाही, आणि ते दुःख त्यांना आयुष्यभर विसरता आले नाही. पुढे धर्मभगिनी होण्याची इच्छा त्यांनी व्यक्त केली, तेव्हा अलाँसों येथील मठप्रमुखांनी त्यांना नकार दिला. मग त्या नगराची सुप्रसिद्ध लेस विणण्याची कला त्यांनी आत्मसात केली आणि स्वतःचा व्यवसाय उभारला. १३ जुलै १८५८ रोजी मध्यरात्री, तेथील प्रथेनुसार, लुई मार्टिन या घड्याळजींशी त्यांचा विवाह झाला.

या दांपत्याला नऊ अपत्ये झाली. त्यांपैकी चार बालपणीच देवाघरी गेली. उरलेल्या पाच मुलींना वाढवत, लेस विणणाऱ्या स्त्रियांना काम वाटून देत, हिशेब सांभाळत झेलीबाई रात्री उशिरापर्यंत जागत असत. तरीही पहाटे साडेपाचच्या मिस्साला पतिपत्नी उपस्थित असत. रविवारी लुई यांचे दुकान बंद राही. गिऱ्हाईक दुसरीकडे जाते हे ठाऊक असूनही त्यांनी तो नियम मोडला नाही. सायंकाळी सारे कुटुंब एकत्र प्रार्थना करी. सकाळी उठताच आपले हृदय देवाला अर्पण करण्याची सवय झेलीबाईंनी मुलींना लहानपणीच लावली होती. धाकट्या मुलींसाठी मण्यांची एक माळ होती. एखादा हट्ट सोडला, बहिणीला माघार दिली, की एक मणी पुढे सरकवायचा!

घरात पवित्र मरियेची एक मूर्ती होती. मे महिन्यात तिच्याभोवती पानाफुलांची एवढी आरास व्हायला हवी, असा झेलीबाईंचा आग्रह असे की थोरली मेरी कुरकुर करी. मातेपेक्षा आपल्या आईलाच प्रसन्न करणे कठीण, असे तिला वाटे.

या बाईंचे दोनशेहून अधिक पत्रांचे लेखन उपलब्ध आहे. उपवासकाळ कधी संपतो याची त्या वाट पाहत, हे त्यात मोकळेपणाने आढळते. गावात आलेल्या मिशनरी धर्मगुरूंची प्रवचने त्यांना मुळीच रुचली नाहीत. कर्तव्य म्हणून त्या गेल्या आणि ते ऐकणे हेच एक प्रायश्चित्त मानले. आम्ही प्रवचनकारांनी हे मनावर घ्यावे.

परंतु एवढ्या भक्तिमय घरातही एक जखम दडलेली होती. मधली मुलगी लिओनी हट्टी, अभ्यासात मागे. शाळेतून तिला परत पाठवण्यात आले होते. आईने प्रार्थना केल्या, रागावून पाहिले, समजावून पाहिले. काही उपयोग होईना. १८७७ साली उघड झाले की घरातील मोलकरीण लिओनीला धाक दाखवून गुप्तपणे आपल्या मुठीत ठेवत होती. ज्या घरात रोज सर्वजण एकत्र गुडघे टेकत, तेथे एका लेकराचे भय वर्षानुवर्षे कुणालाच दिसले नव्हते. ही गोष्ट वाचताना आम्हालाही अस्वस्थ व्हायला होते. तोवर झेलीबाईंचा स्तनांचा कर्करोग बळावला होता. तरीही त्यांनी लिओनीला आपल्याजवळ घेतले, सतत सोबत ठेवले. मुलगी हळूहळू उमलू लागली. आता या मुलीसाठी तरी जगायला हवे, असे त्यांना तीव्रतेने वाटू लागले. त्याच वर्षी जूनमध्ये त्या थोरल्या तिघी मुलींना घेऊन लूर्डसच्या यात्रेला गेल्या. प्रवास खडतर झाला, रोग बरा झाला नाही. २८ ऑगस्ट १८७७ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. धाकटी तेरेजा तेव्हा साडेचार वर्षांची होती.

लुई यांनी मुलींसह लिझ्यू गाठले. मरियेची ती मूर्तीही सोबत गेली. १८८३ साली तिच्यासमोरच आजारी तेरेजा बरी झाली. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी लुई व झेली यांना एकत्रितपणे संतपद बहाल केले. त्यांचा सण १२ जुलै रोजी असतो.

पाचही मुली धर्मभगिनी झाल्या. लिओनीला मठात स्थिर होण्यासाठी अनेकदा प्रयत्न करावे लागले. अखेर १८९९ साली ती काँ येथील व्हिजिटेशन मठात दाखल झाली आणि १९४१ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिली.