एका हाताचा केमिस्ट

शिकारीत चुकून गोळी लागली आणि १७ वर्षांच्या जेम्स समनरचा डावा हात गेला. त्यात तो डावखुरा! पठ्ठ्या उजव्या हाताने सगळं नव्याने शिकला, अगदी टेनिससुद्धा. हार्वर्डमध्ये सल्ला मिळाला, एका हाताने केमिस्ट्री जमणार नाही, वकील हो. त्याने ऐकलं नाही.

युरियाचं झटपट विघटन करणारं युरिएज हे एन्झाइम त्याला शुद्ध रूपात हवं होतं. आपल्या अबईच्या जातकुळीतल्या जॅक बीनवर कॉर्नेलमध्ये ९ वर्षं खपून १९२६मध्ये त्याने त्याचे स्फटिक मिळवले. ते निघालं प्रोटीन! उकळलं की एन्झाइम का थंडावतं, तेही यातून उलगडतं: उष्णतेने प्रोटीनची घडीच विस्कटते. बड्या शास्त्रज्ञांनी आधी हे मानलं नाही. १९४६मध्ये मात्र त्याला नोबेल मिळालं.