वाऱ्यासमोर उतरणारा पायलट

आपल्या बीड जिल्ह्यात प्रवासी विमानसेवा नाही, पण विमानाचं वेड असलेले हॉस्टेलमध्ये भरपूर. त्यांच्यासाठी मी जेआरडी टाटांवर लिहितोय.

जन्म २९ जुलै १९०४, पॅरिस. केंब्रिजला इंजिनिअरिंग करायचं होतं, पण वडिलांनी धंद्यात बोलावलं आणि ते राहूनच गेलं. १९२९ मध्ये भारतातलं पहिलं पायलट लायसन्स त्यांना मिळालं. १५ ऑक्टोबर १९३२ ला टपाल घेऊन ते कराचीहून अहमदाबादमार्गे एकटेच जुहूला उतरले.

विमान वाऱ्याच्या समोर तोंड करून उतरवतात. त्यामुळे जमिनीवरचा वेग कमी होतो आणि ते कमी जागेत थांबतं. दिशा कळावी म्हणून विमानतळावर पांढरा किंवा केशरी मोठा ‘टी’ मांडतात. उभ्या दांड्याकडून आडव्या दांड्याकडे उतरायचं. जेआरडींना जुहूच्या चिखलाच्या मैदानावर अशी कसलीच मदत नव्हती, विमानात रेडिओही नव्हता. वारा स्वतःच ओळखायचा!

१९५३ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली, १९७८ मध्ये एअर इंडियाचं अध्यक्षपदही गेलं. तरी १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, कराची-मुंबई उड्डाण त्यांनी पुन्हा केलं. २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात ते वारले.

एटीकेटी लागली की सगळं संपलं असं वाटणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: इंजिनिअरिंगची डिग्री हुकलेल्या या माणसाने देशाला विमानसेवा दिली.