पांढरीतल्या खापरांना बोलतं करणारे डॉ. सांकलिया

आपल्या प्रवराकाठी नांगर चालवताना लाल खापराचे तुकडे निघतात. कधी त्यावर काळ्या रेघा असतात. लहानपणी आम्ही ते नदीत भाकऱ्या काढायला वापरले. त्या खापरांवरून महाराष्ट्राचा इतिहास हजारभर वर्षं मागं नेणारा माणूस म्हणजे डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया. १० डिसेंबर हा त्यांचा जन्मदिवस.

१९०८ साली मुंबईत एका गुजराती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. दिवस भरण्याआधीच जन्मलेलं हे पोर जगेल की नाही, अशी घरच्यांना धास्ती होती. घराणं वकिलांचं. पण पंधराव्या वर्षी लोकमान्य टिळकांचं आर्यांच्या मूळ स्थानावरचं पुस्तक हाती पडलं आणि जुन्या काळाचं वेड लागलं ते कायमचं. मुंबईत शिकून ते लंडनला गेले, पीएच.डी. केली. तिथं खणायचं कसं हेही शिकले. मातीचा एकेक थर वेगळा ओळखायचा, कुठल्या थरात काय सापडलं ते लिहून ठेवायचं.

१९३९ मध्ये पुण्याचं डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झालं. सांकलिया तिथं रुजू झाले. मानववंशशास्त्राच्या इरावती कर्वेही त्याच साली आल्या. पुढं दोघांनी मिळून गुजरातेत लांघणज इथं काम केलं. तिथं शिकार करून जगणाऱ्या माणसांचे सांगाडे मिळाले.

आपल्या जिल्ह्याशी त्यांचं नातं जुळलं ते संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावामुळं. १९५०-५१ मध्ये तिथं उत्खनन झालं. तोवर महाराष्ट्राचा इतिहास सातवाहनांपासून धरायची रीत होती. जोर्व्याला त्याआधीची वस्ती मिळाली. तांब्याच्या कुऱ्हाडी आणि काळ्या नक्षीची लाल, खणखणीत भाजलेली तोटीची भांडी. अशी भांडी पुढं महाराष्ट्रात ठिकठिकाणी सापडली. सगळ्यांना नाव पडलं ते जोर्वे संस्कृती. एका खेड्याचं नाव जगभरच्या पुस्तकांत गेलं.

मग १९५४ ते ५६ नेवासा. आपण नेवाशाला ज्ञानेश्वरीमुळं हात जोडतो. सांकलियांच्या पथकाला तिथं अश्मयुगीन माणसाच्या दगडी हत्यारांपासून थेट मराठा काळापर्यंतचे पुरावे मिळाले. मेलेली लेकरं दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि घरातच जमिनीखाली पुरत. एका लेकराच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. धाग्यात रेशीम आणि कापूस. तीन हजार वर्षांपूर्वीच्या आईची माया त्या मातीत जशीच्या तशी राहिली होती.

शिरूर तालुक्यात घोड नदीवरच्या इनामगावचं काम १९६८ ला सुरू झालं. सांकलिया त्यात होतेच, पुढं डॉ. ढवळीकर आणि सहकाऱ्यांनी ते तडीस नेलं. तिथले लोक जव पिकवत, पाटानं पाणी वळवत. इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास ते गाव उठलं. पाऊस कमी झाला आणि शेती टिकली नाही, असं संशोधक मानतात. दुष्काळात गाव सोडणं आपल्याला नवं नाही, त्यांनाही नव्हतं.

१९७४ मध्ये सरकारनं त्यांना पद्मभूषण दिलं. २८ जानेवारी १९८९ रोजी पुण्यात ते गेले.

आता आपलं बघू. गावोगावच्या जुन्या टेकाडांची पांढरी माती खत म्हणून ट्रॉल्या भरभरून वावरात जाते. मीही दोन खेपा टाकल्यात, लपवत नाही. पण जेसीबीच्या एका बकेटीत शंभर वर्षांचे थर एकत्र होतात. मग ते खापर कुठल्या काळचं, हे कुणालाच सांगता येत नाही. सांकलियांचं सगळं काम त्या थरांवरच उभं होतं.

तेव्हा पांढरीत नक्षीचं खापर, मणी, हाडं दिसली तर यंत्र थांबवा. फोटो काढा, जागा लक्षात ठेवा आणि तलाठ्याला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा. खत दुसरीकडं मिळंल. तीन हजार वर्षं परत मिळायची नाहीत.