कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि पक्षातील दुही

नाशिकच्या काळाराम मंदिरावरून आपण कितीदा तरी गेला असाल. २ मार्च १९३० रोजी या मंदिराच्या दारांपुढे आपले वाडवडील आणि आयाबहिणी सत्याग्रहाला बसल्या. परमपूज्य डॉ. बाबासाहेबांनी लढा उभारला. पण तो पुढे वर्षानुवर्षे चालविण्याचा भार सत्याग्रह समितीचे चिटणीस भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांच्यावर होता. त्यांनाच आपण दादासाहेब म्हणतो. १५ ऑक्टोबर १९०२ रोजी दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी त्यांचा जन्म झाला. शिक्षण बेताचे, अंगावर धोतर, बोलणे खेड्यातल्या माणसाला कळेल असे.

दार काही उघडले नाही. १९३४ साली बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्राने कळविले, की मंदिरप्रवेशाचा नाद आता सोडावा. आपण विचार करा, ज्याने चार वर्षे माणसे गोळा केली, त्यांच्या डोक्यावरचे दगड मोजले, त्याला हे वाचताना काय वाटले असेल! तरीही त्यांनी कुरकुर केली नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्याच जिल्ह्यातील येवल्याला हिंदू म्हणून न मरण्याची घोषणा झाली. म्हणजे आपण जुन्या धर्मातून फुटून निघालो, ते आत शिरण्याची सगळी वाट चालून झाल्यावर. हे फुटणे रागाचे नव्हते.

दुसरे फुटणे मात्र घरातले आहे, आणि आपल्या पत्रांतून त्यावर फार कमी लिहिले जाते.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. त्या वर्षीच्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीच्या बळावर आपली बरीच माणसे निवडून आली होती. दादासाहेब नाशिकमधून लोकसभेत गेले, बी. सी. कांबळे कोपरगावहून. शेजारशेजारच्या मतदारसंघांतले हे दोन खासदार. पण दोन वर्षांतच, १९५९ साली, दोन गट झाले. कांबळे यांच्या गटाला लोक दुरुस्त रिपब्लिकन म्हणू लागले.

भांडण कशाचे होते? दादासाहेबांचे म्हणणे, आपला समाज भूमिहीन आहे. पडीक सरकारी जमीन त्याला मिळवून द्यायची तर सत्याग्रह करावा लागेल, आणि त्यात कम्युनिस्ट सोबत आले तर येऊ द्यावे. कांबळे यांचे म्हणणे, बाबासाहेबांनी घटनेचा मार्ग दिला, कम्युनिस्टांपासून सावध राहायला सांगितले. तो मार्ग सोडू नये. हे म्हणणे पोकळ होते असे आम्हांस वाटत नाही. पण वाद तेवढ्यावर राहिला नाही. शिकलेले पँटवाले आणि अडाणी धोतरवाले अशी भाषा सुरू झाली, आणि जातीने आपल्याला जो उच्चनीचपणा शिकविला होता तोच पदवीच्या रूपाने आपल्या बैठकीत येऊन बसला. ज्यांच्या घरात पहिला मॅट्रिक झालेला मुलगा आहे त्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

दादासाहेब मागे हटले नाहीत. १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. ६ डिसेंबर १९६४ पासून तो देशभर झाला, लाखो लोक तुरुंगात गेले, बाया लेकरांना काखेत घेऊन गेल्या. मागण्यांत पडीक जमीन होती, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र होते, आणि धर्मांतरित बौद्धांना सवलती होत्या. आपण बौद्ध झालो म्हणून केंद्राने ज्या सवलती रोखल्या होत्या त्या १९९० साली मिळाल्या. तैलचित्रही त्याच वर्षी लागले.

चूक त्यांचीही झाली, असे आमचे मत आहे. १९६७ साली त्यांनी काँग्रेसशी समझोता केला. ज्या सरकारविरुद्ध माणसे तुरुंगात पाठविली त्याच पक्षाशी हातमिळवणी कार्यकर्त्यांना पटवून देणे कठीण होते. पुढे बॅ. राजाभाऊ खोब्रागडे यांचा गटही वेगळा झाला. २९ डिसेंबर १९७१ रोजी दादासाहेब गेले, तेव्हा पक्ष एक नव्हता.

२००४ पासून राज्यात त्यांच्या नावाची सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध भूमिहीन कुटुंबाला तीतून चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे. आपल्या गावात कोणी पात्र असेल तर समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी.