पेटन राउस: कोंबडीच्या गाठीपासून तुमच्या रक्ताच्या रिपोर्टपर्यंत

तुमच्या घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर झाला असेल, तर बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ‘हर-टू पॉझिटिव्ह’ किंवा ‘हर-टू निगेटिव्ह’ हे शब्द तुम्ही वाचले असतील. काही रिपोर्टांत त्याच तपासणीला ‘सी-ईआरबीबी-२’ असे दुसरे नाव दिलेले असते. यातली ‘ईआरबी’ ही अक्षरे कोंबड्यांच्या रक्ताच्या एका आजारावरून आली आहेत. त्या आजारात लाल रक्तपेशी पक्व न होताच बेसुमार वाढतात.

कोंबड्यांचा हा आजार आणि माणसाचा कॅन्सर यांना जोडणारा रस्ता ज्यांच्या कामामुळे खुला झाला, त्या डॉ. पेटन राउस यांची ही ओळख.

एक जखम आणि वर्षभराची सक्तीची सुट्टी

राउस यांचा जन्म १८७९ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात झाला. ते ११ वर्षांचे असताना वडील वारले आणि आईने तिन्ही मुलांना वाढवले. पुढे त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी प्रवेश घेतला. तिथे क्षयरोगाने दगावलेल्या रुग्णाचे शवविच्छेदन करताना त्यांच्या बोटाला जखम झाली आणि क्षयाचा संसर्ग झाला. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. काखेतल्या गाठी शस्त्रक्रिया करून काढल्या गेल्या आणि त्यांना विश्रांतीसाठी पाठवण्यात आले. त्यांनी सुमारे वर्षभर टेक्सासमध्ये गुरांच्या कुरणावर काम केले, बरे होऊन परत आले आणि १९०५ मध्ये डॉक्टर झाले.

कोंबडीच्या छातीवरची गाठ

१९०९ मध्ये राउस न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये रुजू झाले. त्याच वर्षी एका बाईने प्लिमथ रॉक जातीची कोंबडी त्यांच्याकडे आणली. तिच्या छातीवर मोठी गाठ होती. तपासणीत तो सार्कोमा, म्हणजे मऊ ऊतींचा कॅन्सर निघाला.

राउस यांनी ती गाठ वाटली आणि तिचा रस अतिशय बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळला. या गाळणीतून पेशी आणि जिवाणू पलीकडे जात नसत. तो गाळलेला रस निरोगी कोंबड्यांना टोचला, तेव्हा त्यांनाही तसाच कॅन्सर झाला. याचा अर्थ रसात जिवाणूपेक्षा लहान असे काहीतरी होते. तो विषाणू होता. हे संशोधन १९११ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याआधी, १९०८ मध्ये, डेन्मार्कच्या एलरमान आणि बँग यांनी कोंबड्यांचा रक्ताचा कॅन्सर अशाच गाळलेल्या रसातून पसरतो हे दाखवले होते. मात्र ल्युकेमिया हा कॅन्सरच आहे, असे तेव्हा मानले जात नव्हते. राउस यांच्या कामाकडेही बहुतेकांनी दुर्लक्ष केले. त्यांनी उंदरांच्या गाठींवर तोच प्रयोग केला, पण तो जमला नाही. काही वर्षांनी त्यांनी कॅन्सरवरचे काम सोडून दिले.

रक्त टिकवण्याची युक्ती

पहिले महायुद्ध सुरू होते. जखमी सैनिकांना रक्त हवे होते, पण काढलेले रक्त टिकत नसे. राउस आणि त्यांचे सहकारी जे. आर. टर्नर यांनी १९१६ मध्ये दाखवले की सायट्रेट आणि साखरेच्या द्रावणात लाल पेशी थंड जागी काही आठवडे टिकतात. सायट्रेटमुळे रक्त गोठत नाही आणि साखर पेशींना ऊर्जा पुरवते. राउस यांच्यासोबत काम केलेले डॉ. ऑस्वाल्ड रॉबर्टसन यांनी हीच पद्धत युद्धभूमीवर वापरली. आजच्या रक्तपेढीच्या पिशवीतही सायट्रेट आणि ग्लुकोज असते.

५५ वर्षांनी मिळालेला मान

१९३० च्या दशकात रिचर्ड शोप यांना रानसशांच्या अंगावर चामखिळीसारखी वाढ करणारा विषाणू सापडला. त्यांनी तो राउस यांच्याकडे सोपवला आणि राउस कॅन्सरकडे परतले. या वाढींचे पुढे कॅन्सरमध्ये रूपांतर होते, आणि कॅन्सर एकाएकी न होता टप्प्याटप्प्याने होतो, हे त्यांनी अनेक वर्षांच्या प्रयोगांतून दाखवले.

१९६६ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला. पुरस्काराचे दुसरे मानकरी होते डॉ. चार्ल्स हगिन्स. त्यांनी प्रोस्टेटचा कॅन्सर हार्मोनच्या उपचारांनी आटोक्यात येतो हे दाखवले होते.

एक गोष्ट मात्र राउस यांनी शेवटपर्यंत मान्य केली नाही. पेशीच्या स्वतःच्या जनुकांत बिघाड होऊन कॅन्सर होतो, हे मत त्यांना पटत नसे. १९७० मध्ये ते वारले. पुढे सहाच वर्षांत, त्यांच्याच विषाणूने त्यांना चुकीचे ठरवले. या विषाणूतले कॅन्सर घडवणारे ‘सार्क’ जनुक निरोगी कोंबडीच्या पेशीतही असते, हे १९७६ मध्ये सिद्ध झाले. विषाणूने ते कोंबडीकडूनच उचलले होते. या शोधासाठी बिशप आणि वार्मस यांना १९८९ चे नोबेल मिळाले. अशा बिघडलेल्या जनुकांना ऑन्कोजीन म्हणतात.

लाल पेशी कशी बिघडते?

आता पुन्हा ‘ईआरबी’कडे येऊ. तुमची अस्थिमज्जा, म्हणजे बोन मॅरो, दर सेकंदाला सुमारे २० लाख लाल पेशी तयार करते. प्रत्येक पेशी साधारण १२० दिवस जगते. हे काम हार्मोनच्या निरोपांवर चालते आणि निरोप घेण्यासाठी पेशीत रिसेप्टर असतात. रिसेप्टर म्हणजे दारावरची बेल समजा. हार्मोन बटण दाबतो, बेल वाजते आणि पेशी कामाला लागते. तरुण पेशीने आधी विभागायचे आणि मग वेळेवर पक्व व्हायचे, असा हा क्रम आहे.

कोंबड्यांच्या त्या आजाराच्या विषाणूत दोन बिघडलेली जनुके सापडली. ‘ईआरबी-बी’ हे वाढीच्या निरोपाच्या रिसेप्टरचे जनुक आहे. त्याचा बाहेरचा भाग तुटलेला असल्याने बेल कुणी न दाबताच वाजत राहते आणि पेशी विभागत राहतात. ‘ईआरबी-ए’ हे थायरॉइड हार्मोनच्या रिसेप्टरचे जनुक आहे. बिघाडामुळे त्याला हार्मोनचा निरोप पोहोचतच नाही, त्यामुळे पेशी पक्व होत नाहीत. वाढ थांबत नाही आणि पक्वता येत नाही, म्हणून रक्त कच्च्या पेशींनी भरते.

तुमच्यासाठी याचा उपयोग काय?

- हर-टू: हा ‘ईआरबी-बी’च्याच कुटुंबातला रिसेप्टर आहे. काही स्तनाच्या कॅन्सरमध्ये तो पेशींवर खूप जास्त असतो. अशा रुग्णांना ट्रॅस्टुझुमॅबसारखी औषधे उपयोगी पडतात. म्हणून ही तपासणी टाळू नका.
- हिमोग्लोबिन जास्त असणे: पुरुषांत १६.५ आणि स्त्रियांत १६ पेक्षा जास्त हिमोग्लोबिन वारंवार येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. धूम्रपान, फुप्फुसांचे आजार किंवा शरीरातले पाणी कमी होणे ही कारणे असू शकतात. पॉलिसायथेमिया व्हेरा या आजारात मात्र ‘जॅक-टू’ जनुक बिघडलेले असते. मूत्रपिंडातून येणाऱ्या एरिथ्रोपोएटिन हार्मोनची वाट न पाहता पेशी वाढत राहतात. रक्त दाट होते आणि गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. अंघोळीनंतर अंगाला खाज सुटणे हे याचे एक लक्षण आहे. रक्ततपासणीने निदान होते आणि उपचार आहेत.
- न सुधारणारा ॲनिमिया: लोह आणि बी-१२ ठीक असूनही हिमोग्लोबिन कमी राहत असेल, तर थायरॉइडची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारा. थायरॉइड कमी असल्यास लाल पेशी कमी तयार होतात.
- चिकन खाण्याची भीती: राउस यांचा विषाणू कोंबड्यांचा आहे. त्यामुळे माणसाला कॅन्सर होतो, असा पुरावा नाही. चिकन नीट शिजवून खा, एवढे पुरे.

कॅन्सर झाला की अनेक रुग्ण विचारतात, माझे काय चुकले? बहुतेक वेळा याचे उत्तर पेशीतल्या एखाद्या बिघडलेल्या जनुकात असते, ज्यावर तुमचा ताबा नव्हता. तो बिघाड नेमका कोणता, हे तपासणीतून कळले तर योग्य औषध निवडता येते. म्हणून स्वतःला दोष देत बसू नका. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यातला प्रत्येक शब्द समजावून घ्या.