घडवणाऱ्याचे नाव

बँकेत असताना लोहारांच्या कर्जाच्या कागदांवर मी कितीतरी अंगठे घेतले. त्या माणसांची नावे आज आठवत नाहीत. म्हणून चीनचा ओऊ येझी मनाला टोचतो.

सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी, आजच्या चेच्यांग प्रांतातल्या युए राज्यात हा तलवारी घडवणारा होऊन गेला, असे जुने चिनी ग्रंथ सांगतात. युएच्या राजासाठी त्याने पाच तलवारी केल्या. पुढे गान च्यांगच्या जोडीने चू राज्याच्या राजासाठी लोखंडाच्या तीन घडवल्या. पात्याला पाणी द्यायला चांगले पाणी हवे, म्हणून डोंगर धुंडाळत तो लुंगच्वानला पोचला, अशी दंतकथा आहे.

१९६५ साली हूपे प्रांतातल्या एका थडग्यात युएचा राजा कौच्येन याची कांस्याची तलवार सापडली. लांबी ५५.७ सेंटिमीटर, धार शाबूत! पात्यावर आठ अक्षरे आहेत. त्यांचा मथितार्थ एवढाच, की राजाने ही तलवार स्वतःच्या वापरासाठी केली. भाता कोणी फुंकला, साचा कोणी केला, याचा उल्लेखही नाही.

लुंगच्वानचे कारागीर मात्र ओऊ येझीला आपला मूळ पुरुष मानतात. २००६ साली त्यांची कला चीनच्या राष्ट्रीय वारशाच्या यादीत आली.

मी माझ्या जुन्या डायऱ्या माळ्यावरून काढल्या आहेत. त्यात एखाद्या लोहाराचे तरी नाव सापडते का, पाहतो आहे.